चाप कोणी ओढला?

इतकी वर्षं झाली, पण लोह्याजवळच्या माळावर पडलेलं ते काळवीट अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा मी त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना शेळ्या राखणारी एक बाई धापा टाकत आली.

"सायेब, बार झाला. जीप हाय पांढरी. एकजण बांधावर पालथा पडलेला, दुसरा गाडीपाशी उभा."

नाकाबंदी लावली. तासाभरात जीप सापडली. आत एकटा ड्रायव्हर आणि दुर्बीण लावलेली रायफल. रायफलीचा परवाना जीपच्या मालकाच्या नावे होता. मालक लातूरला मोठे कोचिंग क्लासेस चालवायचे आणि नेमबाजीच्या स्पर्धांतही उतरायचे.

ड्रायव्हरनं विचारायच्या आधीच कबुली दिली. "म्याच मारलं. मालकाला ठावं न्हाई. दुसरा रस्त्यात भेटलेला कुणी व्हता."

खरं सांगतो, प्रकरण इतक्या लवकर मिटलं म्हणून मला बरं वाटलं. गुन्हा नोंदवून वन खात्याला कळवलं. पंचनाम्यात बांधापासून काळविटापर्यंतचं अंतर दोनशे पावलांच्या वर भरलं. एकच गोळी, खांद्यामागे बरोबर काळजात.

आमच्या ठाण्यात नांदेडचे एक वयस्क हवालदार होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. उमेदीची वर्षं त्यांनी रिक्रूटांना गोळीबार शिकवण्यात घालवली होती. पंचनामा वाचून ते म्हणाले, "साहेब, घाई नको. दुर्बीण फक्त दाखवते. गोळी बसते ती दमावर आन् बोटावर. ह्याचा हात बघू द्या."

चाचांनी सरावाची रिकामी रायफल तपासून ड्रायव्हरच्या हाती दिली. नळीवर एक नाणं ठेवलं. "नाणं न पाडता चाप ओढ."

त्यानं दस्ता खांद्याऐवजी दंडाला लावला, दोन्ही डोळे गच्च मिटले आणि चापाला असा हिसका दिला की नाणं उडून टेबलाखाली गेलं. तीनदा तेच झालं.

मग चाचांनी जप्त रायफलीच्या दुर्बिणीवरच्या चाकाकडे लांबूनच बोट दाखवलं. अंतराप्रमाणे नेम वरखाली करायचं ते चाक. "हे कशाला असतं?"

ड्रायव्हर गडबडला. "लाईट लावायचं आसंल, चाचा."

मी त्याला चहा दिला आणि घरी कोण आहे एवढंच विचारलं. तो रडायला लागला. भूकंपात बायको गेली, ढिगाऱ्यातून तान्ही पोर तेवढी हाती आली. ती आता मालकाच्या क्लासमध्ये डॉक्टरकीची तयारी करत होती. "मालक म्हनले, तू अंगावर घे, पोरीचं मी बघतो. न्हाईतर उद्यापासून तिला क्लास बंद."

मालकांना ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचे कपडे, सोबत वकील. ड्रायव्हरच्या कृत्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. चाचा कागद लावता लावता सहज म्हणाले, "नशिबानं बसली त्याची गोळी."

"नशिबानं?" मालक ताडकन म्हणाले. "आडवा वारा होता त्या वेळी! श्वास धरून, वाऱ्याचा हिशेब करून..." वकिलांनी त्यांचा हात दाबला, पण उशीर झाला होता.

पोलिसांपुढचं असं बोलणं कोर्टात चालत नाही, हे मला माहीत होतं. रीतसर ओळख परेड घेतली. शेळीवाल्या बाईनं रांगेतून मालकांना क्षणात ओळखलं. "ह्योच पालथा पडला व्हता. गाडीत बसताना तोंड बगितलं म्या." गोळी त्याच रायफलीची असल्याचा अहवालही आला. ड्रायव्हर माफीचा साक्षीदार झाला आणि मालकांना शिक्षा लागली.

तपास चालू असताना ड्रायव्हरची मुलगी ठाण्यात आली, तेव्हा बापाला एवढंच म्हणाली, "अण्णा, तुम्ही आत जाऊन मला डॉक्टर व्हायचं न्हाई." क्लास तिनं स्वतःच सोडला आणि घरी बसून अभ्यास केला. डॉक्टर झाली नाही, पण नर्स झाली. नांदेडच्या एका दवाखान्यात तिला कडक इस्त्रीच्या गणवेशात पाहिलं, तेव्हा माझीच छाती फुगली.

या प्रकरणानंतर मी एक नेम पाळला. कबुली कितीही सोपी मिळो, माणूस जे केलं म्हणतो ते त्याला करता येतं का, हे आधी पाहायचं. या सवयीमुळे पुढे किमान दोन निरपराध माणसं माझ्या हातून वाचली.

चाचा निवृत्त झाले त्या दिवशी सगळं ठाणं अंगणात उभं होतं. त्यांनी मला सॅल्यूट करायला हात उचलायच्या आत मी टाचा जुळवल्या आणि आधी त्यांना सॅल्यूट ठोकला. सगळ्या नोकरीत वरिष्ठांना केलेल्या सॅल्यूटांपेक्षा मला त्या एकाचा अभिमान जास्त आहे.