सुते म्हणजे टाकलेली

माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून मी झाले तेव्हा आईने मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि ठरल्याप्रमाणे शेजारणीने उचलून परत आणलं. टाकलेल्या पोराकडे मरण बघत नाही, असा समज. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. माझं नाव पडलं उकंडी.

शाळेत या नावाने मला फार रडवलं. सत्तरच्या दशकात माझं लग्न ठरलं, तेव्हा होणारे सासरे म्हणाले, "पत्रिकेवर हे नाव नको. आपण बौद्ध झालो ना, मंग असले जुने नावं काहून पाहिजे? नवीन ठेवू." मी मान डोलावली. मलाही ते नकोच होतं.

त्याच आठवड्यात वस्तीतल्या विहारात जपानहून एक म्हातारी उपासिका आली. मोडकंतोडकं हिंदी बोलायची. चहा देताना मी तिचं नाव विचारलं.

"सुते."

"म्हणजे?"

"फेंकी हुई."

मी तिथेच बसले. तिने सांगितलं, तिच्या गावी अशक्त बाळ चौरस्त्यावर ठेवायचे आणि आधीच सांगून ठेवलेला शेजारी ते उचलायचा. सापडलेलं पोर दणकट निघतं, ही जुनी लोकसमजूत. मोठमोठ्या सरदारांनीही आपल्या लेकरांना हे नाव ठेवलेलं.

"कधी बदलावंसं नाही वाटलं?"

ती हसली. "माँ ने बचाने को फेंका. शरम क्यों?"

घरी येऊन मी आईला विचारलं, "मले ठेवलं तेव्हा तू कुठी होती वं?"

"तिथंच," आई म्हणाली. "काठी घेऊन उभी होती. कुत्रं आलं असतं तं?"

दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांसमोर उभी राहिले. "ती समजूत मी मानत नाही. माझं लेकरू मी उकंड्यावर ठेवणार नाही. पण नाव माझ्या मायनं देलं, ते टाकणार नाही. तुमाले नाव बदलाचं असन, तं नवरी बदला."

सासरे लालबुंद झाले. त्यांचा मुलगा, माझा होणारा नवरा, म्हणाला, "बाबा, तेच छापा."

तेच छापलं. मंडपात माइकवरचा माणूस नावापाशी अडखळला, मागे बायका खिदळल्या. मी माइक ओढून घेतला आणि नाव स्वतः सांगितलं, मोठ्याने. सासरे पुढे वर्षभर मला नुसतं "सूनबाई" म्हणत राहिले. म्हणोत.