जुन्या काडतुसांची किंमत

जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी तिथल्या ओजिमा भागातल्या आमच्या सरकारी इमारतीत, बरोबर आमच्या खालच्या घरात, एक म्हातारे गृहस्थ राहायला आले. उत्तरेच्या किनाऱ्यावरचं त्यांचं घर त्सुनामीच्या लाटेत अर्धं गेलं होतं. त्यांच्याशी पहिली ओळख माझी झाली, हे मला आजही सांगावंसं वाटतं. प्लास्टिकचा कचरा टाकायच्या दिवशी मी काचेच्या बाटल्या टाकायला निघालो होतो. त्यांनी न रागावता मला परत पाठवलं. मी विद्यापीठात पोस्टडॉक होतो, जपानीची परीक्षा पास झालेलो, आणि एक तरी जपानी मित्र असावा अशी मला फार हौस होती.

मैत्री झाली ती माझ्या बायकोशी. तिला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. क्रियापदं ती हातवाऱ्यांनी करायची. मी त्यांच्या आडनावाला मानाचं ‘सान’ लावून, व्याकरण सांभाळून बोलायचो आणि तेही तितकंच सांभाळून उत्तर द्यायचे. ती सरळ ‘आजोबा’ म्हणायची. मी लॅबमधून यायचो तोवर ती खाली जाऊन मुळ्याचं लोणचं शिकून आलेली असायची, नाहीतर ते वर येऊन पोहे खाऊन गेलेले असायचे. जेवताना ती त्यांच्या गावच्या गोष्टी सांगायची.

“हे मला कधी बोलले नाहीत,” मी म्हणायचो.

“तू विचारलंस का?”

मी विचारलं होतं. दोनदा.

त्या हिवाळ्यात त्यांच्या पुतण्यानं पडक्या घराच्या माळ्यावरून वाचलेलं सामान पाठवलं. त्यात एक पत्र्याचा डबा होता आणि डब्यात छऱ्यांच्या काडतुसांचे दोन पुठ्ठ्याचे खोके. त्यांचे वडील थंडीत बदकांच्या शिकारीला जायचे, त्यांचे. एका खोक्याचं सील शाबूत होतं, दुसरा उघडलेला. दोन्हींवर उडत्या बदकाचं चित्र. हे सगळं मला बायकोकडून कळलं, कारण डबा त्यांनी दाखवला तो तिला.

“अशा जुन्या काडतुसांना जगात कुणी विचारतं का, असं म्हणत होते,” ती म्हणाली.

मला का नाही विचारलं, हे मी गिळलं आणि कॉम्प्युटरपुढे बसलो. इथे तरी मी तिच्या पुढे होतो. दोन दिवसांत मला बरंच कळलं. परदेशात अशी काडतुसं जमवणारे लोक आहेत. खोका बंद आणि भरलेला असेल तर मागणी जास्त, ओल लागली किंवा सुटी झाली की उतरते. पुष्कळांचा जीव काडतुसांपेक्षा खोक्यावरच्या चित्रात असतो. रिकामा पुठ्ठाही ते घेतात. चित्रं छापून, अवघड शब्दांचं जपानी लिहून काढून मी रविवारी खाली गेलो.

बायको तिथे आधीच बसली होती. त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते बघणं मला झोंबलं.

“आम्ही काल चौकीवर सांगून आलो,” बायको मराठीत म्हणाली. “आत्ता पोलीस येतील न्यायला.”

“मला सांगायचंस तरी.”

“मी सांगत होते. तू स्क्रीनवरून मान वर केली नाहीस.”

परवान्याशिवाय काडतुसं घरात ठेवणं इथे गुन्हा आहे, विकणं तर दूरच. ते मीही वाचलं होतं, पहिल्याच दिवशी, आणि पुढे सरकलो होतो. मला फक्त किंमत घेऊन खाली जायचं होतं.

म्हाताऱ्यांनी माझे कागद हातात घेतले. “विकायचं नव्हतं,” ते सावकाश म्हणाले. “वडिलांनी जपलेलं आणखी कुणी जपतं का, एवढंच मनात होतं.”

“जपतात,” मी म्हणालो. लिहून आणलेल्या अवघड शब्दांपैकी एकाचीही गरज लागली नाही. एका कागदावर काचेच्या कपाटात ठेवलेला बदकाचा खोका होता. तो कागद त्यांनी ठेवायला मागून घेतला. ती दहा मिनिटं माझी होती.

मग दोन पोलीस आले. त्यांनी काडतुसं मोजली, गुंडाळली, अर्ज भरून घेतला. उघडलेल्या खोक्याचा रिकामा पुठ्ठा ठेवू द्याल का, असं म्हाताऱ्यांनी विचारल्यावर त्यांनी तो तपासून परत दिला. म्हाताऱ्यांनी तो दोन्ही हातांनी, वाकून, माझ्या बायकोला दिला.

वर येताच मी तिला म्हणालो, “त्याची किंमत तरी माहीत आहे का तुला?”

“तुला माहीत आहे ना? मग तू ठेव.” तिनं खोका माझ्यापुढे ठेवला. मला हात लावता आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यात तिनं टिकल्यांची पाकिटं ठेवली.

वसंतात ते पुतण्याकडे उत्तरेला राहायला गेले. रविवारी त्यांचा फोन येतो. एकदा ती आंघोळीला गेली होती म्हणून मी घेतला आणि तसं सांगितलं. त्यांनी माझ्या कामाची, तब्येतीची, हवेची चौकशी केली. मीही एकही चूक न करता उत्तरं दिली.

“बाईंचं आटोपेपर्यंत मी थांबतो,” ते म्हणाले.