गिधाडं मोजणारा

मुलचेऱ्यात माझं गुरांच्या औषधांचं दुकान आहे. तो वनखात्याचा रोजंदारीवरचा माणूस. मेलेली गुरं जंगलाकाठच्या मोकळ्या जागेत नेऊन टाकायची आणि खायला उतरलेली गिधाडं मोजायची, हे त्याचं काम. अंगाला वास येतो म्हणून तो दुकानाची पायरी चढत नसे, सायकलला टेकून बाहेरूनच बोले.

एकदा त्याने दुखण्यावरच्या इंजेक्शनची बाटली बघायला मागितली आणि हात लांब करून तिच्यावरचं नाव वाचलं.

"हे नका विकू भाऊ. हे टोचलेलं जनावर मेलं का त्याले खाऊन गिधाड मरते. आमच्या शेजारच्या बंगाली भाऊचे नातेवाईक बांगलादेशात आहेत. तिथी बंदी केली म्हन्ते."

"तो देश दुसरा. आपल्याकडे कुठी बंदी आहे?"

"गिधाडाले देश समजते का?"

मी हसलो. गिधाडांना न बाधणारं औषध त्याच कपाटात होतं. पण लोक हेच मागत आणि मी देत राहिलो.

पावसाळ्यानंतर तो पुन्हा आला. "चार मेले," म्हणाला, आणि मरण्याआधी गिधाडं कशी बसली होती ते दाखवायला त्याने स्वतःची मान छातीवर टाकली. आदल्याच आठवड्यात ते इंजेक्शन नेलेल्या एका शेतकऱ्याचा बैल मेला होता. मला ते ठाऊक होतं. मी पुढच्या गिऱ्हाइकाला औषध काढून देऊ लागलो.

पुढे आपल्याकडेही बंदी आली. बाटल्या परत पाठवल्यावर त्याला सांगावं म्हणून मी वाट पाहिली. तो आला नाही. त्याच्या जागी लागलेल्या माणसाला मी विचारलं, "आता किती उतरतात?"

"मी लागलो तवापासून एकई नाई दिसलं, भाऊ."