बसायला मिळणारा खेळ

माझे शाळेतले सगळे सामने आत्याने पाहिले, असं आमच्या गावात, निरवांगीत, अजून सांगतात. खरं सांगायचं तर तिने एकही पाहिला नाही. ग्राउंडवर पोचलं की ती सावलीचं झाड शोधायची, आमच्या पिशव्या उशाला घ्यायची, पदर तोंडावर ओढायची आणि पंच शिट्टी वाजवायच्या आत घोरायला लागायची.

ही ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. मी शाळेच्या खो-खो संघात होते. वयात आलेली पोर इंदापूर-बारामतीला एकटी पाठवायला दादा, म्हणजे माझे वडील, तयार नव्हते. खेळाच्या सरांनी फार गळ घातली तेव्हा म्हणाले, आक्का सोबत गेली तर जाऊ दे. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच नवरा वारला आणि ती माहेरी आली, ती कायमचीच. तिला जाशील का म्हणून कुणी विचारलं नाही. तिला कशाबद्दलच कुणी विचारत नसे.

आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती, दादांच्या काळात ऊस आला. आत्याने दोन्ही निस्तरलं. लहानपणी मेंढरांमागं चालली, मोठेपणी म्हशी, उसाचं पाणी, गड्यांच्या भाकरी. ती जरा टेकली की घरातलं कुणीतरी म्हणणारच, “आक्का, उठलीच हाईस तर पाणी दे.” उठलेली नसायचीच हो ती! पण हे वाक्य कानावर पडलं की गुडघ्यावर हात ठेवून उठायची. आज आठवलं तरी माझंच अंग दुखतं.

खो-खोतलं तिला एवढंच कळायचं की पाठलाग करणाऱ्या संघातल्या आठ जणी मधल्या रेषेवर बसलेल्या असतात. पहिल्याच दिवशी तिने सरांना सांगितलं, “ह्यो खेळ बरा हाय. बसायला तरी मिळतं.” पाठीवर थाप पडून खो मिळाला की उठून पळावं लागतं, हे सरांनी समजावलं. तिचा चेहरा उतरला. म्हणजे हितंबी तेच की, असं पुटपुटत ती झाडाखाली गेली.

इंदापूरला आम्ही अंतिम सामना जिंकलो तेव्हा पोरींनी नाचून धुरळा उडवला. गलक्याने आत्या दचकून उठली, सगळ्या पिशव्या खांद्याला अडकवल्या आणि विचारलं, “आली का एसटी?” त्या दिवसापासून ती अख्ख्या संघाची आत्या झाली. तिची झोप मोडू नये म्हणून पोरी तिच्या झाडाजवळ ओरडायच्यासुद्धा नाहीत.

बारावी झाली आणि दादांनी सरळ सांगितलं. बारामतीच्या कॉलेजने संघात घेतलं, राहण्या-जेवणाची सोय केली, तर पुढं शीक. नाहीतर पाव्हणे बघायला येतील. निवडीच्या दिवशी ग्राउंडवर गेले तर आत्या झोपलेली नाही. पार कडेच्या चुन्याच्या रेषेला येऊन बसलेली, डोळे टक्क उघडे. तिला जागी बघून माझं काळीजच हललं. पहिल्या डावात आत गेले आणि लगेच बाद झाले.

मधल्या वेळेत ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी रडवेली झाले होते. ती म्हणाली, “मी तुला पळताना आजवर पाह्यलंच न्हाय गं. कशी पळतीस ते तरी बघू दे.”

दुसऱ्या डावात मी तिला दाखवायला पळाले. कॉलेजबिलेज डोक्यातून गेलं. खांबाला वळसे घातले, हुलकावण्या दिल्या, वेळ संपल्याची शिट्टी झाली तरी मी पळतच होते. संध्याकाळी नावं वाचली, त्यात माझं नाव होतं.

परतीच्या एसटीत ती झोपेल म्हणून मी तिला खिडकी दिली. ती बाहेर बघत बसली. बाहेर बघतच म्हणाली, “तुझं झालं, लई बरं झालं. आता मला कोण न्हेतंय गं तितं?” मला वाटलं थट्टा करतेय. मग हळूच म्हणाली, “तितं कुनी हाक मारत न्हाय.”

मला एकदम भडभडून आलं. ही बाई माझ्यासाठी झिजते असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि तिला उभ्या जन्मात मिळालेली झोप ती एवढीच होती. माझी निवड झाली की ती झोपही जाणार, हे तिला सकाळीच ठाऊक होतं. तरी जागी राहून बसली होती.

हॉस्टेलच्या पोरीला सोबत कशाला, म्हणून तिचं येणं बंद झालं. दिवाळीला घरी गेले तर डोळ्यांखाली काळं, आणि “आक्का, उठलीच हाईस तर” चालूच. मी दादांना सांगितलं, उद्या इंदापूरला सामना आहे, परतायला उशीर होईल, आत्या लागेल सोबत.

सामना कसला! ग्राउंडवर चिटपाखरू नव्हतं. आत्याने इकडं तिकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पिशवी उशाला घेतली आणि पदर ओढला. मी शेजारी बसून राहिले. ऊन सरकलं तशी ओढणी धरून सावली केली.

घरी आल्यावर दादांनी विचारलं, कोण जिंकलं? आत्या चूल पेटवायला बसली होती. मागं न बघता म्हणाली, “आमीच.”