लुरीनची जन्मतारीख

लुरीन टॉलिव्हर दिवसातून तीसेक वेळा तरी तारीख लिहायची. मिस्टर हॉलिसना गोळी दिली, लिही तारीख. साखर तपासली, लिही तारीख. म्हाताऱ्यांना घरी जाऊन सांभाळायचं काम बावीस वर्षं केलं, की कागद दिसताच हात आपोआप चालतो. टपालाने पाठवायच्या मताच्या पाकिटावरही तो तसाच चालला. नव्या कायद्याने तिथे जन्मतारीख मागितली होती. बाईंनी झोकात त्या दिवसाची तारीख ठोकून दिली.

मतदान झाल्यावर गुरुवारी निवडणूक कचेरीतून फोन आला. उद्या पाचच्या आत ओळखपत्र घेऊन या, नाहीतर मत बाद.

अठराव्या वर्षापासून लुरीनचं एकही मत चुकलं नव्हतं. पूर्वी रविवारी प्रार्थना आटोपली, की चर्चच्या गाडीतून सगळ्या जणी गात मत द्यायला जायच्या आणि येताना उकडलेल्या शेंगा खायच्या. यंदा तिच्या भागात रविवारचं आगाऊ मतदानच बंद झालं. वाचनालयाबाहेरची मतांची पाकिटं टाकायची पेटी आत गेली, तीही नऊ ते पाचच. सात ते सात राबणाऱ्या बाईने जावं कधी? कायदे करणाऱ्यांना आठवडाभर तिची पाळी करायला लावायला हवी.

"तोंड का पाडलंयस?" शुक्रवारी मिस्टर हॉलिसनी विचारलं. तिने सांगितलं.

"मग जा की!"

"तुम्हाला एकटं सोडलं तर नोकरी जाईल माझी."

"मग मला ने."

"ईस्टरपासून ओसरीची पायरी उतरला नाहीत तुम्ही!"

"बडबड पुरे. माझी टोपी आण."

व्हीलचेअर गाडीत चढवताना लुरीनचा दम निघाला. कचेरीतल्या मुलीने पाकीट पाहून हसू दाबलं. "मिस लुरीन, यावरून तुम्ही पाच आठवड्यांच्या आहात."

"तरीच हिला अजून कॉफी जमत नाही," म्हातारा म्हणाला.

मुलीने नवा कागद पुढे केला. लुरीनने पेन उचललं आणि, देवा रे, हात पुन्हा आजच्याच तारखेकडे वळला. मिस्टर हॉलिसनी काठी आपटली.

"जन्म, बाई, जन्म! जित्याची खोड!"

चार जून, एकोणीसशे चौसष्ट. मुलीने शिक्का मारला. मत मोजणार होते. लुरीनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"तुम्ही तर माझ्या उमेदवारांच्या विरुद्ध मत देता," परतताना ती म्हणाली. "मग कशाला एवढा खटाटोप?"

"तू मैदानातच नसशील, तर तुला हरवायचं कसं?"

"स्वप्नं बघा!"

घरी येऊन तिने रोजची वही उघडली. तारीख घातली, वेळ घातली आणि लिहिलं: 'रुग्णाला बाहेर नेले.'

मिस्टर हॉलिसनी वही ओढून घेतली, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'रुग्णाने लुरीनला नेले.'