हरळीचं छप्पर

कुणाच्याही घरात शिरली की भागीबाई आधी वर बघायची. घरची बाई पाट मांडीपर्यंत तिची नजर वाशांवरून, झावळ्यांवरून फिरत चुलीपाशी येऊन थांबायची. मग ती उंबऱ्याजवळच टेकायची, आत म्हणून यायची नाही. आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा मला ते विचित्र वाटलं. माझे यजमान रेवदंड्याच्या शाळेत मास्तर होऊन आले होते आणि आमचं बिऱ्हाड लागून आठ दिवसही झाले नव्हते. ती गेल्यावर शेजारीण हळूच म्हणाली, "हिचा पोरगा जळून गेला. दोन वर्सं झाली."

तिचं घर आमच्या मागेच होतं. सासरा वीटभट्टीवर कामाला असे. भट्टीतून वाया गेलेल्या, वाकड्या, करपलेल्या विटा आणून त्याने हातभर जाडीच्या भिंती उभ्या केल्या होत्या. वर मात्र सगळ्यांसारख्या झावळ्या. एका दुपारी कुणाच्या तरी अंगणातल्या चुलीची ठिणगी उडाली. भागीबाई विहिरीवर होती, तीन वर्षांचा नारायण आत झोपला होता. ती धावत येईपर्यंत छप्पर खाली बसलं होतं. भिंती तेवढ्या राहिल्या.

नवरा बोटीवर खलाशी. त्याला बातमी कळायला तीन महिने लागले. भागीबाई भावाकडे राहू लागली, पण रोज सकाळी त्या उघड्या घरात येऊन भिंतींवरचं काजळ घासत बसायची. कौलं आवाक्याबाहेरची होती. भावाने झावळ्या आणून टाकल्या, तर तिने एकेक उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली.

एके दिवशी ती एक कोरा कागद घेऊन माझ्याकडे आली. "मास्तरीणबाई, आमच्या मान्साला लिवा. थंडीच्या मुलखात घरावर गवत लावत्यात, आसं त्यानं एकदा सांगितलं व्हतं. मी हसले व्हते. त्याला इचारा, कसं करत्यात."

"अहो, गवत ते गवतच. तेही पेटेल."

"जित्तं गवत, मातीसकट," ती म्हणाली. "माती पेटत न्हाय."

हे तिचं वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही ओळखलं असतं.

उत्तर आलं ते दिवाळीनंतर, कुणा दुसऱ्याच्या अक्षरात. उतार बेताचा ठेव. वासे जवळजवळ घाल, भिजलेली माती फार जड होते. त्यावर डांबर लावलेलं शीड पसर. मग हरळीच्या ढेपांचे दोन थर दे. खालचा गवत खाली करून, वरचा गवत वर करून, म्हणजे मुळं एकमेकांत घुसतात. आणि शेवटी एकच ओळ होती, 'नारायणाचं एखादं अंगडं राहिलं असेल तर जपून ठेव.'

तीही मी वाचून दाखवली. भागीबाई म्हणाली, "काय बी ऱ्हायलं न्हाय. पुढं वाचा." पुढे काही नव्हतं.

वाशांसाठी वादळात पडलेले माड तिने लोकांच्या बागेत राबून मिळवले. फाटकं शीड कोळ्यांकडून आणलं, होडीला लावून उरलेलं डांबरही. शेताच्या बांधांवरची हरळी मातीसकट कापून ती आणि तिचा भाऊ डोक्यावरून वाहून आणत. पायांना भेगा पडल्या, मान वाकडी झाली. लोक जाता-येता म्हणत, "भागी, वर भात पन लाव गं!" ती हसत नसे. पहिल्याच पावसाळ्यात एक वासा करकरला. तिने खाली माडाच्या ओंडक्याचा टेकू दिला आणि तो दिवसभर हाताने धरून उभी राहिली. एक कोपरा शेवटपर्यंत गळत राहिला. उन्हाळ्यात ती शिडीवरून घागरी चढवून छप्पर ओलं ठेवायची.

नवरा आला, त्या छपराखाली महिनाभर राहिला. दोघं फारसं बोलत नसत. पुन्हा बोटीवर गेला तो परत आला नाही. पुढे पत्रंही थांबली.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्या आळीला आग लागली. भर दुपार, समुद्रावरून सुटलेला वारा, पाहता पाहता पाच घरं पेटली. बायांनी पोरं उचलली आणि भागीबाईच्या घरात लोटली. माझी चार वर्षांची कुसुमही त्यांत होती. भागीबाई शिडीवर उभी राहून पाणी ओतत होती. जळत्या झावळ्यांचे तुकडे हरळीवर पडत, चर्र आवाज होई, काळा डाग उरे. तासाभराने दार उघडलं तेव्हा सगळी मुलं धुराने खोकत, रडत, पण धडधाकट बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी मी लुगडं आणि नारळ घेऊन गेले. ती मागच्या दाराशी बसली होती. लुगड्याकडे तिने पाहिलंही नाही.

"तुमची कुसुम वाचली, बरं झालं," ती म्हणाली. "पन मला बरं वाटत न्हाय, मास्तरीणबाई. काल एकेकीनं आपापलं पोर छातीशी धरलं. मी दारात उभी. माझ्या मनात आलं, ह्यांचीच का वाचली? आसं कसं आलं माझ्या मनात?"

मी तिच्या शेजारी बसले. मग ती उठली, घागर घेतली आणि विहिरीकडे गेली. त्यानंतर सगळी आळी तिला मानू लागली, पण पोरं अंगणात आली की ती उठून आत जाई.

दोन वर्षांनी यजमानांची माणगावला बदली झाली. सामान बैलगाडीत चढलं तेव्हा भागीबाई निरोपाला आली. मी कुसुमला तिच्या पाया पडायला सांगितलं. पोर वाकली. भागीबाईचा हात वर आला, तिच्या डोक्यापर्यंत गेला, तिथेच थांबला आणि मागे फिरला.

"वाटेत ऊन लागंल," ती म्हणाली. "पोरीचं डोकं झाकून घ्या."

आणि गाडी हलायच्या आतच ती पाठ वळवून घराकडे चालू लागली.