बाटलीभर खारं पाणी

ते प्रकरण आठवलं की अजूनही माझ्या जिभेवर मिठाची चव येते. मोठा दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते. मी चिंचवड भागात फौजदार होतो. कारखाने भराभर उभे राहत होते, जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसं येत होती आणि आमच्या ठाण्यातल्या खुर्च्या मात्र होत्या तेवढ्याच होत्या.

एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत एका कारखान्याच्या भंगाराच्या आवारात वॉचमनच्या डोक्यात कुणीतरी गज घातला आणि पितळेची पोती पळवली. वॉचमन बेशुद्ध होता आणि डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. तो दगावला असता तर कलम तीनशे दोन लागलं असतं, म्हणजे सरळ खून. वरून फोनवर फोन येत होते आणि माझी झोप उडाली होती.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. भंगाराच्या ट्रकवरचा एक हमाल स्वतःहून ठाण्यात आला.

"सायेब, म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. त्यो बीडकडचा टर्नर गज घिऊन कुंपणाकडं पळत हुता."

या टर्नरचं आणि वॉचमनचं गेटवरच्या अंगझडतीवरून वाजलं होतं, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मी तिथे गेलो. कामगार आत शिरताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला गेटवरच्या पेटीत टाकत. बिल्ला पेटीत म्हणजे माणूस कामावर. गुरुवारी टर्नरचा बिल्ला पेटीत होता, पण त्याच्या मशीनवर तो दिवसभर कुणालाच दिसला नव्हता. कारखान्यात आहे आणि मशीनवर नाही, मग होता कुठे? मला वाटलं, सुटलं प्रकरण.

त्याला आणलं. पंचविशीचा पोरगा, नाकावरचं कातडं उन्हानं भाजलेलं.

"म्या मारलं नाही," एवढंच म्हणायचा.

"मग होतास कुठे?"

यावर तोंडाला कुलूप. हवालदारानं दमात घेतलं, मी चहा पाजला, काही उपयोग झाला नाही. बाहेर त्याच्याच खात्यातला एक फिटर सकाळपासून ताटकळत होता. चिंचवडच्या जुन्या मुसलमान घरातला, भावाचं मोटारींचं गॅरेज. "दोस्त आहे, साहेब," म्हणाला आणि नजर चुकवली. दारातून दोघांची दृष्टादृष्ट झाली तेव्हा टर्नरनं त्याला मानेनंच 'नको' म्हटलं. दोघेही सामील आहेत, असा मी अर्थ लावला. मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायची वेळ जवळ येत होती, म्हणून पंच घेऊन घरझडतीला निघालो.

देहूच्या वाटेवर त्याची भाड्याची खोली होती. पितळेचा तुकडाही सापडला नाही. देवाच्या फळीवर मात्र एक बाटली होती, बूच घट्ट, वरून फडकं बांधलेलं.

"ॲसिड असंल, साहेब," हवालदार म्हणाला आणि त्यानं ती अर्धी दाराबाहेरच्या दगडावर ओतली. फेस नाही, धूर नाही. पण टर्नरची बायको मोठ्यानं रडू लागली. "सांडू नका हो, सांडू नका!" नवऱ्याला नेलं तेव्हाही बाई एवढी रडली नव्हती, असं शेजारणी म्हणाल्या.

बाटलीच्या तळाशी काळी वाळू होती. मी बोट भिजवून जिभेला लावलं. हवालदार ओरडलाच. पाणी खारट होतं.

"हे कुठलं?"

"समिंदराचं," ती बोलून गेली आणि तिनं तोंडावर पदर धरला.

मी उंबऱ्यावरच बसलो. हळूहळू सगळं बाहेर आलं. समुद्र दाखवीन, असा लग्नातला शब्द होता. महिनाअखेरीस नवरा कायम होणार होता, त्याला रजा मिळेना आणि ती माहेरी निघालेली. मग फिटरनं भावाची फटफटी दिली आणि गुरुवारी टर्नरचा बिल्लाही त्यानंच पेटीत टाकला. दोघं घाट उतरून अलिबागला गेली, तिथून किनाऱ्याच्या रस्त्यानं सुपारीच्या बागा बघत रेवदंड्यापर्यंत. तिथे लाटेनं तिची एक चप्पल नेली. मी वळून पाहिलं, दाराशी एकच चप्पल होती.

"भाऊजींची नोकरी जाईल म्हनून हे गप हायेत," ती म्हणाली. "अन् ते पानी मायला दाखवायला आनलंय. आमच्याकडं हंडाभर पान्यापायी जीव जातो, साहेब. एवढं पानी आसतंय अन् एक घोट पिता येत नाही, हे तिला खरं वाटायचं नाही."

अलिबागला फोन लावला. तिथल्या पोलिसांनी रेवदंड्यात चौकशी केली. एका पायात चप्पल घालून जेवायला आलेल्या बाईला खानावळवाला कसा विसरेल? वारही त्यानं गुरुवारच सांगितला. टर्नर समुद्रावर होता, तर हमालानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं कुणाला? त्याला पुन्हा बसवलं. तो फार टिकला नाही. टर्नरचं मशीन रिकामं असल्याचं त्यानं कँटीनमध्ये ऐकलं होतं. पोती त्याच्याच घरी कोंड्याखाली सापडली.

मी बाहेर आलो तर फिटर पुढे झाला. "साहेब, बिल्ला मी टाकला. मला लिहून घ्या, त्याला सोडा." आतून टर्नर ओरडला, "खोटं बोलतोय, साहेब!" दोन दिवसांत तो एवढ्या जोरात पहिल्यांदाच बोलला. मला हसू आलं.

वॉचमन शुद्धीवर आला. मी मॅनेजरकडे शब्द टाकला. फिटरला काही दिवस घरी बसवलं, पण नोकरी राहिली. टर्नरचं कायम होणं लांबलं.

गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतोय, हे आम्हाला नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवतात. तो कुणासाठी लपवतोय, हे विचारायला मी त्या खोलीत शिकलो. पुढे कुणी गप्प राहिला की आवाज चढवण्याआधी मी ठाण्याबाहेर चक्कर मारून यायचो, त्याच्यासाठी कोण उभं आहे ते बघायला.

सुटकेच्या दिवशी बायको नवऱ्याला न्यायला आली. झडतीत जमा केलेली बाटली मी तिच्या हातात दिली. तिनं ती उजेडात धरून पाहिली.

"अर्धीच ऱ्हायली, साहेब. आता पुन्हा जावं लागंल."

"जा की," मी म्हटलं. "पण या खेपेला बिल्ला सोबत घेऊन जा."

ती हसली. नवऱ्यानं बाटली तिच्याकडून घेतली आणि पाणी हिंदकळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून तो ठाण्याच्या पायऱ्या उतरला.